इंजिनीअरिंगमधला लिबरल आर्ट्सचा तास आणि तपासणीचा हिशेब

एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात बी.टेक.च्या १६० क्रेडिटपैकी १२ मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांना आहेत, तेही मॅनेजमेंट धरून. त्यातून मॅनेजमेंट आणि इंग्रजी संभाषण काढा. इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान यांच्या वाट्याला काय उरतं?

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणामुळे विषय वाढताहेत. वाढू देत. पण तपासायचं कोणी, हे कोणी विचारत नाही. वर्गात ६० मुलं, ८०० शब्दांचा एकच निबंध, त्याचे दोन खर्डे, एका खर्ड्याला १५ मिनिटं: झाले ३० तास. तीन क्रेडिटच्या विषयाचं शिकवणंच मुळात ४५ तासांचं. शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर, म्हणजे पैसे फक्त वर्गातल्या तासाचे. मग एमसीक्यू येणारच, आणि पोरं आदल्या रात्री झेरॉक्स वाचून पास होणारच.

हा विषय प्रॅक्टिकलसारखा चालवा. २० ची बॅच करा, तपासणीचे तास वर्कलोडमध्ये धरा, आणि प्रश्न अरुंद ठेवा. ‘नागपूरचा पूर’ असा विषय दिला की सगळ्यांचे परिच्छेद इंटरनेटवरून सारखेच येतात. त्याऐवजी विचारा: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाखालच्या अमुक गल्लीत पाणी येतंय हे आधी कोणाला कळलं, आणि कोणाकडून? तीन घरी तीन वेगळ्या वेळा सांगतील. त्या वेळा पेपरातल्या बातमीशी ताडून पाहायच्या. सिव्हिलचा विद्यार्थी सांडव्याचा विसर्ग सूत्राने काढतो. नाल्याला लागून भिंत कोणाच्या परवानगीने उभी राहिली, ते सूत्रात नसतं.

पहिल्या खर्ड्यात हमखास ‘अतिक्रमण झाले’, ‘इशारा देण्यात आला’ असली वाक्यं असतात. समासात एवढाच शेरा मारायचा: ‘कोणी?’ उत्तरासाठी पोराला परत त्या गल्लीत जावं लागतं. खरी मेहनत दुसऱ्या खर्ड्यात आहे, म्हणून मार्कही तिथेच जास्त ठेवा.

शिक्षक कुठून आणायचे म्हणाल, तर नागपूरचंच बघा: एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) २०२३ पासून स्वतःच विद्यापीठ आहे आणि नागपूर विद्यापीठाचा कॅम्पसही त्याच अमरावती रोडवर. तिथले शिक्षक इथे शिकवू शकतात, टाइमटेबल जुळवायचं तेवढं मनावर घ्यायला हवं.

आणि हो, हा तास शनिवारी शेवटचा ठेवू नका बापा. कॉलेजच्या बसचा हॉर्न वाजला की चर्चा तिथेच आटोपते.