पोटाचं काम आणि हाताचा रियाज

जी.डी. आर्ट, म्हणजे कलेची सरकारी पदविका, झालेली मुलं भेटली की विचारतात, शाळेत कलाशिक्षक होऊ की मुंबईत डिझाइनचं काम शोधू, आणि त्यात माझी चित्रकला मरेल का? ही भीती आपणच त्यांच्या मनात घातली आहे, याचा मला राग येतो. 'फाइन'वाला तेवढा खरा चित्रकार आणि 'कमर्शिअल'वाला पोटार्थी, ही वाटणी आपल्याकडच्या मोठ्या चित्रकारांना तरी लागू पडत नाही.

कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. अख्ख्या रंगमंचाच्या मापाचा महाल कापडावर उभा करायचा, आणि तो मागच्या रांगेतल्या माणसालाही खोल वाटला पाहिजे! असला सराव कुठल्या वर्गात मिळणार? आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, यांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' चित्रपट केला, तेव्हा पडदे रंगवून तयार झालेली नजर त्यांच्यापाशी होतीच. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली. दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठांचे ढीग उपसले, १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक काढला, आणि त्यांची रेषा त्यातच पक्की होत गेली.

चित्रकार प्रभाकर बरवे यांची गोष्ट वेगळी. ते वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे विणकरांसाठीच्या सरकारी केंद्रात, नोकरी करत. त्या नोकरीनं त्यांना बनारसला नेलं, तिथल्या तंत्रमार्गातल्या प्रतिमा त्यांच्या चित्रांत आल्या. महिन्याचा पगार ठरलेला, त्यामुळे चित्र विकलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. माझ्या मते हाही तितकाच सन्मानाचा रस्ता आहे.

कला मरते ती फुकटात आणि घाईत काम करून. "एवढंसं तर चित्र आहे, नाव छापून येईल की!" हे वाक्य आपल्या गावागावांत चालतं. फ्लेक्सवाला पैसे घेतल्याशिवाय मशीन सुरू करत नाही, त्याला कोणी नावाचं आमिष दाखवत नाही. मग रात्र जागून तेच फ्लेक्सचं चित्र काढणाऱ्या पोरानं पैशासाठी का थांबायचं? निम्मी रक्कम आधी घ्या. दुरुस्त्या किती वेळा करून देणार, ते आधीच सांगा. आणि सगळं लिहून घ्या, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला हक्क ते काढायला सांगणाऱ्याकडे जातो. जी.डी. आर्ट करूनही ही गोष्ट ठाऊक नसलेली मुलं मला सतत भेटतात.

रियाजाचा वेळ मात्र कुणालाही विकू नका. गिऱ्हाइकाचा फोन यायच्या आत सकाळी स्केचबुक उघडा. जे जमत नाही तेच काढा, हात, कापडाच्या चुण्या, पावसातला एसटी स्टँड. गिऱ्हाईक नेहमी तुम्हाला जमणारंच मागतं, म्हणून हा तास लागतो.

दिवाळी अंकांची कामं आता सुरू होतील. संपादक मित्रांनो, कागद आणि छपाईचा खर्च मांडता त्याच पानावर चित्रकाराचं मानधनही मांडा, आणि अंक बाजारात यायच्या आधी ते द्या.