कासचं कुंपण आणि इथली पाल

साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या फुलांभोवती तारांचं कुंपण असावं की नसावं, यावरून आमच्या सातारकर शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पावसाळ्यात जुंपते. एक बाजू म्हणते, तारा नसत्या तर पर्यटकांनी फुलं तुडवून टाकली असती. दुसरी म्हणते, तारांमुळे गुरं चरायची थांबली, गवत माजलं आणि बोटभर उंचीच्या फुलांचा त्यात जीव गुदमरला. मी मॉरिशसमध्ये बसून आजवर कुंपणाच्या बाजूनं हिरिरीनं टाइप करत आलो.

कारण इथे कुंपणावाचून भागत नाही. चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. १६३९ साली डचांनी जावाहून हरणं आणली. माकडं, डुकरं, उंदीर हीही बाहेरचीच. म्हणून ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात जंगलाचे तुकडे कुंपण घालून राखलेत आणि आत माजलेला चिनी पेरू माणसं काढतात. तो पुन्हा उगवतो, पुन्हा काढतात. मूळचा ब्राझीलचा हा लालचुटुक, इवलासा पेरू वेचायला सुट्टीच्या दिवशी कुटुंबंच्या कुटुंबं डोंगरावर जातात. आमच्या शेजारच्या आजी (पूर्वज कोकणातून ऊसमळ्यांवर आलेले) तो मीठ-मिरची लावून देतात. फार छान लागतो, हीच पंचाईत.

माझं मत डळमळलं ते रूसिया सिम्प्लेक्स या झुडपामुळे. डोंगरावरच्या ओल्या, शेवाळलेल्या जंगलात ते आजूबाजूच्या झाडांच्या आधारानं चढतं. त्याला जाड पाकळ्यांच्या पिवळ्या-नारिंगी घंटा लागतात. १७८९ मध्ये त्याला रूसोचं नाव मिळालं. त्या तत्त्वज्ञाला वनस्पतींचं वेड होतं म्हणे. ते फक्त मॉरिशसमध्ये सापडतं, त्याच्या प्रजातीत दुसरी जातच नाही, आणि आता मोजकी झुडपं राहिलीत.

त्याचा सगळा संसार एका पालीवर चालतो. निळ्या शेपटीची ही हिरवी पाल मध चाटायला येते आणि डोक्याला परागकण माखून दुसऱ्या फुलाकडे जाते. पुढे फळातून पाझरणारा चिकट गरही तीच चाटते आणि बिया विष्ठेतून पसरवते. पाल दिसली की झाडू शोधणाऱ्या आपल्या घरांत हे कुणाला पटणार!

तिच्या वाटेत आलीय बाहेरून आलेली पांढऱ्या पायांची मुंगी. ती रूसियाच्या फुला-फळांवर पिठ्या ढेकूण पाळते. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना तो काय चीज आहे हे सांगायला नको. ढेकणांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांच्यावर मातीचं छप्पर घालतात आणि पाल जवळ आली की तुटून पडतात. पाल मग तिकडे फिरकत नाही. हरीण बाहेर, पेरू उपटलेला, तारा शाबूत, आणि झुडपाला बी धरत नाही.

तेव्हापासून मी ग्रुपवर वेगळं लिहायला लागलो. त्या जागी आधी कोण येत होतं आणि आता कोण येईनासं झालं, हे आधी बघा. कासवर गुरं होती. ती आत येऊ देत, आणि पर्यटकांना आवरायचं तर तारांपेक्षा पठारावरच्या गावांतली माणसं नेमा. इथे हरीण मात्र बाहेरच हवं. अर्थात दर शनिवारी पठारावर लोटणारी गर्दी मला सोसावी लागत नाही, हेही खरंच.

पुढे मी इल ओ एग्रेत या छोट्या बेटाचंही सांगितलं. मॉरिशसची मूळची महाकाय कासवं माणसांनी खाऊन संपवली, म्हणून चरायला आणि बिया पसरवायला तिथे सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची कासवं आणून सोडलीत.

त्यावर एकाचं लगेच उत्तर आलं, "म्हणजे आता आम्ही कासला कासवं सोडायची का रे?"

मी लिहिलं, नको बाबा, तुमची गुरंच बरी.