थंडीतलं लग्न: साडीआधी मुहूर्त बघा

तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका यायला सुरुवात होते, आणि लगेच चर्चा कोणती साडी नेसायची याची. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: मुहूर्त किती वाजताचा आहे, आणि लग्न कार्यालयात आहे की लॉनवर.

कारण आपल्याकडची थंडी दिवसभर टिकत नाही. पुण्या-नाशकात डिसेंबरात पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो आणि त्याच दिवशी दुपारी २८-३० वर जातो. निफाडकडे पहाट याहूनही बोचरी. नाश्त्याला कुडकुडणारी माणसं पंगतीत घामाघूम होतात ती यामुळेच. म्हणून ऊब अशी हवी, की मधेच काढता येईल आणि काढल्यावरही पोशाख पूर्ण दिसेल. मुंबई-कोकण-गोव्याच्या मंडळींना हे सगळं घाटावरच्या लग्नाला येतानाच लागेल.

साडीत कमरेखाली परकर, निऱ्या आणि वरचा वेढा असतो, तिथे फारशी थंडी लागत नाही. वाजते ती पाठीला आणि दंडांना. त्यामुळे ऊब ब्लाउजवर ठरते, आणि नेमकं तिथेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. सकाळच्या मुहूर्ताला मागचा गळा बंद किंवा उथळ ठेवा, बाही कोपरापर्यंत किंवा पाऊण घ्या. अस्तर सुतीच लावा आणि ते कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून शिंप्याकडे द्या. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड फुगतं आणि काखेत ओढ बसते. आत थर्मल घालायचं असेल तर माप थर्मल घालूनच द्या, नाहीतर ब्लाउज मुंढ्यात काचतो. बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे जादा कापड, ठेवायला सांगा. थर्मलचा गळा ब्लाउजच्या गळ्यापेक्षा मोठा हवा. दोन्ही घालून आरशासमोर उभं राहा आणि अक्षता टाकतो तसा हात वर करा. बाहीतून किंवा खालून थर्मल डोकावलं तर ते घरीच कळेल.

कापडाचं म्हणाल तर अस्सल रेशीम. ते उबही धरतं आणि दुपारचा घामही शोषतं, म्हणून पैठणी किंवा कांजीवरम या हवेला चांगली. पॉलिस्टरची जॉर्जेट आणि नेट ना धड उबदार, ना घामाला बरी. त्यात कोरड्या हवेत कापडावर स्थिर वीज साचते आणि साडी पायाला चिकटते. यात मोठा वाटा सॅटिनच्या परकराचा आणि परकराऐवजी घालतात त्या ताणल्या जाणाऱ्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या शेपवेअरचा असतो. सुती परकर घाला, पायांना मॉइश्चरायझर लावा. ऐनवेळी चिकटलीच तर ओलसर हात परकरावरून फिरवा, साडीवरून नाही. मखमलीचा ब्लाउज सुंदर दिसतो आणि उबही देतो, पण इस्त्री नेहमी उलट्या बाजूने करा. सुलट बाजूने दाबली तर लव बसते आणि चकाकता डाग पडतो तो जात नाही.

पैठणीवर स्वेटर घालायला माझा ठाम विरोध आहे. पदर झाकला जातोच, शिवाय लोकर जरीत अडकते. त्याऐवजी घट्ट विणीची, साधारण १ बाय २ मीटरची पातळ लोकरी शाल घ्या. पदर डाव्या खांद्यावर असतो, म्हणून शाल उजव्या खांद्यावर घेऊन पिन फक्त ब्लाउजला लावा. सैल विणीची शाल तोड्यात आणि तन्मणीत हमखास अडकते. पदराला पिन लावावीच लागली तर मागे कापडाचा छोटा तुकडा ठेवा. जड पदराच्या ओढीने पिनेपाशी जर तुटते.

नऊवारीत पोटऱ्या दिसतात, तेव्हा थर्मल गुडघ्याच्या वर दुमडून टाचून घ्या आणि मांडी घालून बसून बघा. नवरीची तर जास्तच काळजी घ्यायला हवी. मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री बहुतेक वेळा पातळ असते आणि त्यात तिला गौरीहरापाशी बराच वेळ बसायचं असतं. पाटाखाली जाड सतरंजी आणि साडीखाली थर्मल, एवढं आधीच ठरवून ठेवा. होमाजवळ बसणाऱ्या कुणाच्याही अंगावर लोंबणारी नेटची ओढणी नको. कृत्रिम धागा पेटला की वितळून कातडीला चिकटतो.

पुरुषांना त्रास कमी. रेशमी कुडत्याच्या आत व्ही गळ्याचं थर्मल आणि वर अस्तर लावलेलं जाकीट. दुपारी जाकीट काढलं की झालं. डोक्याला फेटा असतोच.

संध्याकाळचं लॉन हा वेगळाच मामला. आठनंतर दव पडायला लागतं, गवत ओलं होतं. टोकदार टाच मातीत रुतते, म्हणून रुंद टाचेची किंवा सपाट चप्पल घाला. कोल्हापुरी मात्र नको, तिचं चामडं पाणी पितं आणि तळ फुगतो. साडी नेहमीपेक्षा अर्धा इंच वर नेसा, नाहीतर फॉलचा भाग ओला होऊन चिखल धरतो. इथे दिवसाचा हिशेब उलटा होतो, रात्री थंडी वाढतच जाते, तेव्हा शाल गाडीत ठेवू नका, हातात ठेवा.

आणि साडी कपाटातून निदान दोन दिवस आधी काढा, सावलीत वाऱ्यावर टाका, डांबरगोळ्यांचा वास तेवढ्यात उतरतो. अत्तर नेसण्याआधी अंगाला लावा, जरीवर फवारलं तर ती काळवंडते. घरी आल्यावर लगेच घडी घालू नका. रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवा, दव आणि घाम पूर्ण वाळू द्या, मग मलमलीत गुंडाळा. घडी दर तीन-चार महिन्यांनी बदला, कारण जर घडीच्या रेषेवरच आधी तुटते.