आरशातला कंपास चुकतोय: आमच्या गॅरेजकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की आम्ही कंपास जुळवायचे ४० डॉलर घेतले, मागच्या पार्किंगमध्ये गाडी नुसती गोल गोल फिरवली आणि तरी आरशातला कंपास उत्तरेला जाताना ईशान्यच दाखवतोय. कंपास चुकतोय हे खरं आहे आणि चूक आमची आहे. पैसे काल परत पाठवले. पण गाडी गोल फिरवणं ही फसवणूक नव्हती, एवढं मला सांगायलाच हवं.

गाडीचं पोलाद स्वतःच थोडंफार चुंबक झालेलं असतं. आरशातला सेन्सर पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला जातो, त्यात गाडीचंही मिसळतं. गाडी पूर्ण वळवली की सेन्सरला पृथ्वीची ओढ प्रत्येक बाजूने जाणवते, गाडीची मात्र एकाच बाजूने राहते. त्यावरून गाडीची ओढ किती हे त्याला कळतं आणि तेवढी तो वजा करतो. म्हणून बटण दाबून धरायचं, आरशात 'कॅल' (म्हणजे कॅलिब्रेशन, जुळणी) दिसलं की ताशी ८ किलोमीटरच्या आत गोल फिरवत राहायचं, दिशा उमटेपर्यंत. पद्धत हीच आहे.

राहून गेला तो झोन, म्हणजे आरशात भरायचा आपल्या भागाचा आकडा. गाडी कॅलिफोर्नियाहून आणली हे तुम्ही काउंटरवर सांगितलं होतंत, आम्ही ते लक्षात घेतलं नाही. होकायंत्राची उत्तर आणि नकाशावरची उत्तर एक नसते. कॅलिफोर्नियात सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे १३ अंश पूर्वेला झुकते, इथे न्यू जर्सीत साधारण १२ अंश पश्चिमेला. तुमच्या आरशात १ ते १५ पैकी हा आकडा भरावा लागतो, तर तो हा फरक धरतो. आकडा तिकडचाच राहिला, म्हणजे जवळजवळ २५ अंशांची चूक. कंपास आठच दिशा दाखवतो, एकेकीच्या वाट्याला ४५ अंश. त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळा शेजारची दिशा दिसणारच. आमच्या दारातला रस्ता पूर्वेला जातो, पण किंचित उत्तरेकडे कलून. तिथे नेमकं 'पूर्व' बरोबर आलं, ते बघून गॅरेजमधल्या मुलाने किल्ली तुमच्या हातात दिली. झोन बघायला मी त्याला शिकवलंच नव्हतं, म्हणून दोष माझा.

मी मूळचा अलिबागचा. आमच्याकडे हा फरक एका अंशाचाही नाही, म्हणून तिकडे कुणाला झोनची आठवण होत नाही. पण लोखंड आणि वीज होकायंत्राला कशी फसवतात, हे अलिबागकराला सांगावं लागू नये. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली आमच्या गावी आणली. शाळेतून आम्हाला ती बघायला नेलं होतं. हे सगळं माहीत असून मी तुमच्या गाडीचं काम लोखंडी शटरच्या शेजारी होऊ दिलं, याचं जास्त वाईट वाटतं.

तुम्हाला जमेल त्या सकाळी या, मी स्वतः करून देतो. मोबाईलचा चुंबकवाला होल्डर आरशाच्या अगदी खाली चिकटवलेला आहे, तो आधी काढून ठेवा. पलीकडच्या मोकळ्या मैदानात गाडी नेऊ, झोन बदलू, मग फिरवू. तुम्ही शेजारी बसा. चारही दिशांना गाडी चालवून बघितल्याशिवाय किल्ली परत देणार नाही.