मॅनियावर ‘गोळी सोडा, अळणी खा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

मॅनियावर, म्हणजे मन अति चढून जाण्याच्या आजारावर, लिथियमची गोळी चालू असलेल्या माणसाच्या घरच्या ग्रुपवरच हा मेसेज येऊन पडला, म्हणून लिहावं लागतंय. मेसेज म्हणतो: लिथियम हे बॅटरीतलं विष, त्याने किडनी जाते, मॅनिया म्हणजे वाढलेली उष्णता, गोळी सोडून २१ दिवस अळणी खा.

आधी अळणीचं, कारण यात जीव जाऊ शकतो. मीठ एकदम कमी झालं की किडनी सोडियम धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियमही. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तातली पातळी चढते. एरवी ती लिटरमागे साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल ठेवतात, १.५च्या वर विषबाधेचा धोका. म्हणजे ‘गोळी राहू दे, अळणी तेवढं करून बघू’ असं कोणी ठरवलं, तर तेच सगळ्यात घातक. निर्जळी उपवास, जुलाब, उन्हातला घाम, दुखण्यावरच्या इबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणि बीपीची काही औषधं यांनीही पातळी अशीच चढते. हात जोरात थरथरणं, झोकांड्या, जीभ अडखळणं, उलट्या, गुंगी दिसली तर पुढची गोळी देऊ नका, लगेच हॉस्पिटल गाठा आणि लिथियमची पातळी तपासायला सांगा. एरवीची तपासणी मात्र शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी करायची.

किडनीचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. वर्षानुवर्षं घेतल्यावर किडनी आणि थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो. म्हणूनच दर सहा महिन्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम बघतात. पण २०१३ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात ४८ चाचण्यांचा, ६,६७४ रुग्णांचा एकत्रित आढावा आला, त्यात लिथियम घेणाऱ्यांमध्ये आत्महत्या प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली गोळीच्या) तुलनेत स्पष्टपणे कमी दिसल्या. गोळी एकदम तोडली तर मॅनिया परत येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन उतरवतात.

बॅटरीचं काय? मिठातलं सोडियम सुटं धातू म्हणून पाण्यात टाकलं तर पेट घेतं. मीठ आपण रोज खातो. गोळीतलं लिथियमही असंच क्षाराच्या रूपात असतं, बॅटरीतला धातू नव्हे.

आणि उष्णता? तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जातायत, असं आठवडाभर चाललं तर तो मॅनिया. चार दिवस आणि सौम्य असेल तर हायपोमॅनिया. ताकानं तो उतरत नाही. लिथियमचा गुण यायला आठवडा किंवा जास्त लागतो, म्हणून सुरुवातीला ओलान्झापिनसारखं, मॅनिया लवकर आटोक्यात आणणारं औषध जोडतात. नैराश्याची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. तिने मॅनिया भडकू शकतो. रात्री-अपरात्री विचारायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फोन मोफत.