लोकेशन विचारू नका

सकाळी सातला फोन वाजला. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले आमचे काका. ते कधी फोन करत नाहीत, आपणच करायचा आणि चार वेळा रिंग गेली की ते उचलतात, म्हणून आधी पोटात गोळाच आला. तब्येतीचं वगैरे काही नव्हतं. हळू आवाजात एवढंच विचारलं, "बाय, वझराचा व्हिडिओ तुमच्यातल्या कुणी घातला काय गो?"

मी म्हटलं, विचारून सांगते. खरं तर विचारायची गरजच नव्हती. वझर म्हणजे धबधबा, त्याची रील मी रात्रीच बघितली होती, लाखाच्या वर व्ह्यूज, वर लिहिलेलं "गोव्यातला कुणालाच माहीत नसलेला धबधबा", आणि खाली लोकेशनची पिन. बरोबर काकांच्या कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, जाणाऱ्या वाटेवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गेल्या जुलैत आम्ही आठ जण पणजीहून गेलो होतो. काका आठपेक्षा जास्त माणसं नेतच नाहीत. माणशी सातशे रुपये, त्यात परत आल्यावर त्यांच्या घरी उकड्या तांदळाची पेज, खारातलं तोर म्हणजे कैरी आणि टायकिळ्याची भाजी. निघताना अंगणात त्यांनी एकच अट सांगितली: फोटो काढा हवे तेवढे, पण गावाचं नाव कुठं घालू नका. आठही जणांनी मान हलवली. आठही जणांनी!

कुळागर संपलं की रान सुरू होतं आणि जळवा पण. माझ्या घोट्याला तीन चिकटल्या, काकांनी पानाच्या चंचीतला चुना बोटावर घेऊन लावला, टपटप पडल्या. व्हाळ, म्हणजे ओढा, दोनदा ओलांडायचा, दगडावरून दगडावर. पुढे राखणदाराचा, म्हणजे रान राखणाऱ्या देवाचा, दगड येतो, तिथं काका चपला काढतात आणि तिथून वरचं सगळं अनवाणी. शेवटच्या वळणाला आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नव्हतं, तोंडावर तुषार यायला लागले होते, अजून पन्नासेक पावलं असतील. आणि काका थांबले. खाली बसले, ओंजळीत पाणी घेतलं, बघितलं. मला त्यात काही दिसलं नाही, पण त्यांनी हात माझ्यासमोर धरला तेव्हा कळलं, बारीक बारीक पाचोळा होता, चहाच्या पावडरीसारखा, आणि पाणी किंचित तांबूस. डोक्यावर तर स्वच्छ ऊन होतं! "वयर पावस पडटा. फाटीं चला."

आमचा एक मित्र म्हणाला, काका पाचच मिनिटं, एक फोटो. काकांनी वाद घातला नाही, नुसते वळले आणि चालायला लागले. आम्ही तोंडं पाडून मागून. मला पण राग आलेला, खोटं कशाला बोलू, एवढं लांब येऊन पन्नास पावलांवरून परत! पहिल्या ओलांडीला येईस्तोवर पाणी पोटरीच्या वर. घरी पोचून पेज वाढून होतेय तोवर आवाज बदलला, घरघर नाही, गडगडल्यासारखा. काकांनी आम्हाला कुळागराच्या कडेला नेऊन दाखवलं. ज्या दगडांवरून आलो ते एकही दिसत नव्हते आणि एक अख्खी फांदी, माणसाच्या मांडीएवढी जाड, गरगरत खाली चालली होती. कुणी काही बोललं नाही. फोटो मागणारा पण नाही.

आणि पिन टाकणारा तोच आहे. म्हणून माझं डोकं फिरलंय.

ऑक्टोबरात आम्ही परत गेलो, तेव्हा वझर बघायला मिळाला, खालचा कोंड, म्हणजे डोह, निळाशार, तळाचे गोटे मोजता येतील असा. त्या वेळचं शूटिंग त्यानं आता पावसाळ्यात टाकलंय. म्हणजे बघणाऱ्याला दिसतंय शांत निळं पाणी आणि तो जाणार जुलैत! त्या पिनसोबत ओंजळीतला पाचोळा कोण दाखवणार आहे? वर चोर्ला घाटाच्या बाजूला ढग फुटल्यासारखा ओततो आणि खाली ऊन असतं, हे सत्तरीतल्या पोराला कळतं. सत्तरीतल्या वाळपईला पावसाळ्यात शंभर-सव्वाशे इंच सहज पडतो, तो सगळा ह्याच व्हाळांतून उतरतो. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, मग वनखात्यानं अभयारण्यातल्या धबधब्यांवर बंदी घातली, आणि २०२४ च्या जुलैत सत्तरीतल्याच पालीच्या धबधब्यावर अडकलेल्या लोकांना बाहेर काढावं लागलं. विसरलो आपण?

त्याला मेसेज केला तर उत्तर काय, "अगं गाववाल्यांना धंदाच मिळेल ना." कसला धंदा? पिन बघून येणारा काकांकडे थांबतो का? गेल्या दोन रविवारी चार गाड्या आणि पंधराएक बायका-पोरं-बाप्ये थेट कुळागरातून गेले, विचारलं पण नाही. बागेला पाणी नेणाऱ्या पाटाच्या बांधावरून उड्या मारल्या, बांध फुटला. तो पाट म्हणजे शोभा नाही हो, पाऊस सरला की त्याच पाण्यावर त्यांची माड-पोफळी, मिरवेल, केळी जगतात. आणि कोंडात बाटल्या. काका पाण्यात हात घालून काचा वेचत होते म्हणे, पोत्यात भरून खाली आणल्या. हे पण त्यांनी तक्रार म्हणून नाही सांगितलं, मी खोदून विचारलं तेव्हा. राखणदाराच्या पुढं तो माणूस अनवाणी चालतो हो. अनवाणी.

मान्य, आम्ही पण बाहेरचेच. पणजीहून गाडी घेऊन गेलेले. आणि रान कुणाच्या बापाचं नाही हे पण मान्य. पण न्यायला माणूस होता, आणि त्यानं परत फिर म्हटल्यावर आम्ही फिरलो, एवढा फरक मी धरून ठेवणार.

ज्याला धबधबाच बघायचाय त्यानं हरवळ्याला जावं ना, माझ्या माहेरच्या साखळीजवळ, रुद्रेश्वराच्या देवळाला लागून, पायऱ्या उतरलं की समोर. दूधसागर ३१० मीटरचा, रेल्वेच्या डब्यात बसून दिसतो. तिथंही लोकांनी रुळांवरून चालत जाऊन एवढा गोंधळ घातला की रेल्वेला सांगावं लागलं, बाबांनो डब्यातूनच बघा. आणि त्या दूधसागराचंच पाणी पुढं खांडेपार नदीतून ओपाच्या पाणी प्रकल्पाला येतं आणि तिथून पणजीत आपल्या नळाला. वर रानात कोंडात काय टाकलं जातंय त्याच्याशी आपला संबंध नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी सकाळी पाणी भरताना जरा विचार करावा.

लिहिता लिहिता शांत झाले थोडी. त्या मित्राला मी वीस वर्षं ओळखते, तो वाईट माणूस नाही, माझ्या बाबांच्या आजारपणात रात्र रात्र हॉस्पिटलात बसलेला आहे. म्हणून नाव घेत नाहीये, कमेंटमध्ये पण कुणी घेऊ नका. मघाशी त्यानं रील काढली. पण तोवर चार पेजनी उचलली होती, पिनसकट. त्या पेजना मी मेसेज केलेत, तुम्हाला कुठं दिसली तर तुम्ही पण करा, शेअर करू नका, शिव्या घालायला पण नको.

काका नऊला झोपतात, आता फोन करून उपयोग नाही. उद्या सकाळी करणार आणि सांगणार, काका, आमच्यातलाच होता. रविवारी पाटाचा बांध घालायला जायचंय. तो पण येतो म्हणालाय. आतापर्यंत आम्ही पाच झालोत, अजून तीन जागा आहेत. फावडी काकांकडे आहेत, हातमोजे आपापले आणा, काचा अजून शिल्लक असतील. गाव कुठलं ते गाडीत बसल्यावर सांगेन.