डाळिंब्या सोलताना

मोड आलेल्या वालाच्या डाळिंब्या सोलताना फोनला हात लावता येत नाही. बोटं ओली असतात, सालं चिकटतात आणि प्रत्येक दाण्याकडे बघावंच लागतं. मन थाऱ्यावर राहावं म्हणून मी आजवर जे जे केलं, त्यात या कामानं मला सगळ्यात जास्त दिलंय. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

ज्यांच्याकडे वालाचं बिरडं होत नाही त्यांच्यासाठी सांगते. कडवे वाल भिजत घालायचे, उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे. मोड आले की कोमट पाण्यात सोडायचे, म्हणजे साल सैल होते. मग एकेक वाल चिमटीत धरून हलकेच दाबायचा. आतली डाळिंबी सुळकन बाहेर येते. दाब जास्त झाला तर दुभंगते, कमी पडला तर वाल नुसताच बोटातून निसटतो. ऑफिसात कोण काय बोललं, उद्याचा हप्ता, आईचा रिपोर्ट, असं काही डोक्यात फिरायला लागलं की पुढच्या चार-पाच डाळिंब्या हमखास फुटतात. मन कुठे गेलं होतं ते ताटलीत दिसतं. कुणी ओरडत नाही, आपणच परत येतो आणि पुढचा वाल उचलतो.

ध्यान म्हणतात ते याहून फार वेगळं असतं असं मला वाटत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीला मी विपश्यनेचं शिबिर केलंय. दहा दिवसांचं मौन, फोन जमा, पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस तर फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. मन पळालं की त्याला न रागावता परत आणायचं. सत्यनारायण गोएंका ही साधना १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात घेऊन आले आणि १९७६ पासून इगतपुरीचं केंद्र चालू आहे. त्या दिवसांबद्दल मला अपार कृतज्ञता आहे. पण घरी गेल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा, असं तिथे सांगतात, आणि डबे, लोकल, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा सांभाळून रोज दोन तास काढणं माझ्यासारखीला अवघड आहे. मग दिवसात जे हाताशी असतं त्यातच ते लक्ष ओतायचं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी असंच लक्ष एकवटायला शिकवणारा एक कार्यक्रम सुरू केला. त्यातला एक सराव फार प्रसिद्ध आहे: हातावर एक मनुका घ्यायची, ती निरखायची, तिचा वास घ्यायचा आणि मग सावकाश चावायची. एवढंच! हे वाचलं तेव्हा मला आजीच्या पंगतीची शिस्त आठवली. श्लोक म्हणून होईपर्यंत पानाला हात लावायचा नाही. भूक लागलेली, समोर वाफाळता भात, आणि तरी ते थांबणं. त्यात शरीराचाही एक भाग आहे. श्लोक म्हणताना, आरती म्हणताना, जात्यावर ओवी गाताना श्वास पटकन आत घेतला जातो आणि सावकाश बाहेर सुटतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत गेलेल्या व्हेगस नसेचं हे काम. आपल्या बायकांनी हे पुस्तकातून शिकून घेतलं नव्हतं, पण त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

आता एक गोष्ट जी मला मनापासून खुपते. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात बायका मांडीवर पिशवी पसरून गवार मोडतात, मटार सोलतात, मेथी निवडतात. लोक कौतुकानं त्याचे फोटो टाकतात. मला ते कौतुक बघवत नाही. हात तेच, भाजी तीच, पण त्या बाईच्या डोक्यात घरी पोचल्यापोचल्या लावायचा कुकर असतो, उद्याचा डबा असतो. तिला उसंत मिळावी म्हणून घरात कुणी उठून कणीक मळत नाही, म्हणून ती गाडीत भाजी निवडतेय. तिला ‘क्षणात जगायला शिका’ म्हणणं हा अन्याय आहे. जे काम दमून, घाईत, एकटीच्या गळ्यात पडतं, त्यातून शांतता येत नाही. तेच काम घाई नसताना, स्वतःहून हातात घेतलं की येते. छोट्या सवयींबद्दल बोलणाऱ्यांनी ही अट कधीच सोडू नये. सोडली की सगळा भार पुन्हा बाईवरच येतो, वर शांत न राहिल्याचा दोषही तिलाच.

आणि आणखी एक. झोप उडालीय, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतंय अशी अवस्था असेल, तर डाळिंब्या, श्वास, श्लोक यांच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. हा नंबर सेव्ह करून ठेवा. आपल्याला नाही तर शेजारच्या कुणाला उपयोगी पडेल.

आमच्याकडे आता वाल भिजवले की रविवारी ताट मधोमध ठेवून सगळे खाली बसतात. फोन आतल्या खोलीत, टीव्ही बंद. नवऱ्याच्या डाळिंब्या सुरुवातीला फार फुटायच्या, आता तो माझ्याहून सफाईनं सोलतो. पहिला थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही. मग हात चालू असताना, नजर ताटात असताना, लेक आपणहून बोलायला लागते. कॉलेजात तिच्या मैत्रिणीशी काय बिनसलंय, परीक्षेची तिला किती भीती वाटते, हे मला असंच कळलं. समोर बसवून विचारलं असतं तर ‘काही नाही गं आई’ एवढंच म्हणाली असती. या थंडीत स्वस्त झाला की मटारही असाच सोलायचा, असं तिनंच सुचवलंय.